रंगाचा थर पातळ ठेवा: छोट्या रणगाड्यांबद्दल तुमचे प्रश्न

दोन अंकांपूर्वी या सदरात मी प्लॅस्टिकच्या स्केल मॉडेल्सबद्दल थोडं लिहिलं होतं, म्हणजे खऱ्या रणगाड्यांची, जीपची, ट्रकची हुबेहूब छोटी प्रतिकृती सुट्या भागांतून जोडून रंगवायची तो छंद. त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. जवळपास सगळे नवशिके आहेत आणि त्याचाच मला जास्त आनंद झालाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं लांब होती ती कमी केलीत.

ताई, मी बारावीत आहे, परीक्षा संपली की पहिलं मॉडेल करायचंय. बाबा म्हणाले सगळं मिळून दोन हजारात बसव. व्हिडिओत एकाने आत इंजिन, गोळे, सीट सगळं असलेला टायगर रणगाडा केलेला बघितला आणि तेव्हापासून तोच डोक्यात आहे. १/३५ घेऊ का १/७२?
बारावीतला वाचक, कराड

अरे टायगर कर, नक्की कर, पण पहिला नको आणि आतल्या सगळ्या सामानासकट तर नकोच. तसल्या किटमध्ये हजारावर सुटे भाग असतात, त्यातले निम्मे वरचं झाकण बसवलं की कोणाला दिसतही नाहीत, आणि नवशिक्याचं ते मॉडेल सहसा चाकांपाशी येऊन थांबतं आणि खोका माळ्यावर जातो. पहिल्या मॉडेलचं काम एकच, ते पूर्ण व्हायला हवं. जोडणी, प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर), रंग, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं-आकडे), धूळमाती अशा सगळ्या पायऱ्या एकदा हाताखालून गेल्या की दुसऱ्या किटला तुझा हात वेगळाच चालेल.

आता स्केलचं. १/३५ म्हणजे खऱ्याच्या पस्तिसावा भाग. हा विचित्र आकडा आला कुठून तर जपानच्या टामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारवर चालणारा पँथर रणगाडा काढला, आत दोन बॅटऱ्या मावल्या पाहिजेत या हिशोबाने त्याचा आकार ठरला, नंतर मोजलं तर तो साधारण १/३५ निघाला आणि पुढचे रणगाडे त्याच मापात काढले, मग बाकीच्या कंपन्यांनीही तेच माप धरलं. म्हणून आज सगळ्यात जास्त किट, सैनिकांचे पुतळे, सुटे पार्ट्स १/३५ मध्ये मिळतात. अंदाज यावा म्हणून सांगते, टी-५५ रणगाड्याची बॉडी तोफ सोडून साधारण ६.४५ मीटर आहे, म्हणजे १/३५ मध्ये १८ सेंटिमीटरच्या वर आणि १/७२ मध्ये ९ सेंटिमीटर, तळहातावर मावेल एवढी.

तुझ्या पैशात किट, गम, रंग, कटर सगळं बसवायचं असेल तर १/७२ घे. भाग कमी, रंग कमी लागतो, ब्रशनेच छान रंगतं. झ्वेझ्दा कंपनीचे नुसते दाबून बसणारे छोटे टी-३४ रणगाडे वगैरे मिळाले तर पहिल्या हाताला उत्तम. थोडे पैसे वाढवून मिळणार असतील तर मग टामियाचा १/३५ मधला शर्मन रणगाडा किंवा टी-५५, कारण टामियाचे भाग एकमेकांत बसतात चांगले आणि नवशिक्याला त्याचाच सगळ्यात मोठा आधार असतो. १/४८ मध्येही त्यांचे छान किट आहेत, फक्त त्यातल्या सुरुवातीच्या काही किटची खालची बॉडी धातूची आहे आणि तिला प्लॅस्टिकचा गम चालत नाही एवढं लक्षात ठेव.

आणि एक, दोन हजारातले सगळे किटवर घालवू नकोस. भाग कापायला चांगला निपर, एक धारदार कटर, चिमटा, ४०० पासून १००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर आणि खरा प्लॅस्टिक मॉडेलचा गम, एवढं लागतंच. कपडे वाळत घालायचे चिमटे, टूथपिक, जुनी सीडी, रबरबँड हे घरात असतंच. भाग ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्यावरून हाताने पिरगाळून तोडू नकोस, आधी लांबून काप, मग उरलेलं खुंट हळूहळू कापून पेपर मार.

मी सगळं फेविक्विकने चिकटवलं. जीपची पुढची काच पांढरी धुरकट झाली आणि दोन ठिकाणी भाग हातात आले. नेलपेंट रिमूव्हरने काच पुसली तर अजून बिघडली. काय चुकलं?
गृहिणी, डोंबिवली

तुमची काच गेली त्याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण जीपचा चेहराच तो. फेविक्विक म्हणजे सुपरग्लू, तो वाळताना त्याची वाफ निघते आणि ती आजूबाजूला पांढरी बसते, पारदर्शक प्लॅस्टिकवर तर लगेच दिसते. नेलपेंट रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा असिटोन असतं आणि ते या प्लॅस्टिकला विरघळवतं, म्हणून काच अजून खराब झाली. आता १००० च्या पुढचा बारीक पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने मारा, मग टूथपेस्टने घासा, आणि शेवटी ग्लॉस म्हणजे चकाकणाऱ्या वार्निशचा पातळ हात द्या, बऱ्यापैकी परत येते. नाहीच आली तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटाचा तुकडा त्याच मापात कापून बसवा, जीपची काच सपाट असते त्यामुळे हे सहज जमतं.

मुळातलं सांगते. हे किट पॉलिस्टायरिनचे असतात. त्यांचा जो खास गम असतो तो चिकटवत नाही, दोन्ही भागांचं प्लॅस्टिक जरासं वितळवतो आणि ते एकमेकांत मिसळून एक होतं, वेल्डिंगसारखं. म्हणून तो सांधा पक्का. पातळ गमवाली बाटली घ्या, दोन्ही भाग आधी एकत्र धरा आणि मग फटीवर ब्रश नुसता टेकवा, गम आपोआप आत ओढला जातो. बोट त्या फटीवर ठेवू नका, बोटाखाली गम शिरला की ठसा कायमचा उमटतो.

सुपरग्लू ठेवा धातूच्या आणि रेझिनच्या भागांसाठी. आणि काचा, हेडलाइटची भिंगं यांना आपला साधा पांढरा फेविकॉल. ऐकायला कसंतरी वाटतं, पण तो वाळला की पारदर्शक होतो, वाफ येत नाही, चुकलं तर ओल्या फडक्याने निघतो. फक्त प्लॅस्टिकच्या बाकीच्या जोडणीला फेविकॉल नको, तिथे तो धरत नाही.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) घेणं परवडत नाही. कॅमलच्या अ‍ॅक्रिलिकने ब्रशने रंगवलं तर रेषा दिसतात आणि नखाने खरवडलं तर रंग सालीसारखा निघतो. एअरब्रशशिवाय हे जमतच नाही का?
इलेक्ट्रिशियन, नाशिक

जमतं, मी पहिली काही वर्षं एकही मॉडेल एअरब्रशने केलं नाही आणि त्यातली काही आजही माझ्या शोकेसमध्ये पुढच्या रांगेत आहेत. तुमच्याकडे दोन गोष्टी झाल्यात, एक म्हणजे प्रायमर नाही आणि दुसरी म्हणजे रंग जाड.

आधी हिशोब करून बघा. मॉडेल १/३५ चं असेल तर त्यावरचा अर्धा मिलिमीटर जाडीचा रंग म्हणजे खऱ्या रणगाड्यावर पावणेदोन सेंटिमीटर जाडीचा रंग झाला! खऱ्या पोलादावर कोणी असा थापतं का? त्या थराखाली बोल्ट, वेल्डिंगच्या रेषा, झाकणांच्या फटी सगळं बुजतं आणि मग कितीही छान रंग असो ते खेळण्यासारखं दिसतं. म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगते की थर पातळ ठेवा, एका हातात झाकायला जाऊ नका.

करायचं असं. जोडणी झाली की मॉडेल कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, कारण साच्यातून काढताना लावलेला तेलकटपणा आणि आपल्या बोटांचं तेल दोन्ही त्यावर असतं. पूर्ण वाळू द्या, रात्रभर. मग राखाडी प्रायमरचा स्प्रे, २० ते २५ सेंटिमीटरवरून, सुरुवात मॉडेलच्या बाहेर आणि शेवटही बाहेर, हात सतत फिरता. प्रायमरने रंगाला पकड मिळते आणि कुठे फट राहिलीय, कुठे पेपर नीट मारला नाही तेही उघडं पडतं.

मग रंग. बाटलीतून थेट मॉडेलवर नाही, आधी जुन्या बशीत काढा आणि पातळ करा. आपण आमटी पळीवाढी करतो ना, त्याच्याहूनही पातळ, दुधासारखा. पहिला हात इतका विरळ बसेल की खालचा प्रायमर दिसत राहील आणि तुम्हाला वाटेल हे काही खरं नाही. थांबा. पूर्ण वाळू द्या, अर्धा तास तरी, मग दुसरा हात, मग तिसरा. तीन-चार हातांत असा एकसारखा रंग बसतो की विचारू नका. मऊ, सपाट, जरा मोठा ब्रश घ्या, बारीक ब्रशने मोठी जागा रंगवली की रेषा येणारच. आणि एकदा ओढलेल्या जागी ओलं असताना परत ब्रश नेऊ नका, हा मोह सगळ्यात वाईट.

रंगाच्या कंपनीबद्दल. कॅमलचे रंग मुळात कागद-कॅनव्हासचे, त्यांचे कण जाडसर, पण प्रायमरवर पातळ करून लावले तर तळाचा बेस, माती, लाकूड, ताडपत्री यांना मी आजही वापरते. (कॅमलच्या कॅम्लिनची सुरुवात १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत शाईपासून केली, माझ्या पिढीच्या प्रत्येकाच्या दप्तरात तो उंट होता, त्यामुळे मला त्या ट्यूबचा जरा जास्तच लळा आहे.) रणगाड्याच्या बॉडीला मात्र मॉडेलचे रंग घ्या. ब्रशसाठी व्हॅलेहोचे पाण्यातले रंग बरे पडतात. टामियाचे अ‍ॅक्रिलिक एअरब्रशने सुंदर बसतात, पण ब्रशने दुसरा हात दिला की खालचा थर उचलतात कारण त्यांच्यात अल्कोहोल असतं, त्यामुळे ते वापरायचेच असतील तर दोन हातांच्या मध्ये भरपूर वेळ द्या.

जुलैत मॅट (चमक नसलेल्या) वार्निशचा स्प्रे मारला आणि अख्ख्या गाडीवर पांढरं धुकं आलं. तीन आठवड्यांची मेहनत गेली. स्प्रे खराब होता का?
शिक्षक, रत्नागिरी

स्प्रे खराब नव्हता सर, हवा दमट होती. स्प्रे मारताना आतलं द्रावण झपाट्याने उडतं, त्यामुळे पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते, ती त्या थरात अडकली की पांढरं धुकं. कोकणातल्या पावसात हे होणारच. माझंही एकदा ऑगस्टमध्ये असंच झालं होतं आणि मी आठवडाभर त्या मॉडेलकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

पण मेहनत गेलेली नाही. कोरड्या दिवशी त्यावर ग्लॉस वार्निशचा पातळ हात द्या, ब्रशने लावायचं पाण्यातलं ग्लॉसही चालेल, बऱ्याच वेळा धुकं त्यात विरून जातं. ते नीट वाळलं की मग परत मॅट, तेही पाण्यातलं, ब्रशने. एकदम सगळीकडे करू नका, खालच्या बाजूला छोट्या जागेवर करून बघा. आणि पुढच्या पावसाळ्यात जोडणीच करत बसा, भाग कापा, पेपर मारा, सैनिक रंगवा, स्प्रेची सगळी कामं दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेला ठेवा. मी वर्षाचं काम असंच लावते. मॅटचा डबा मारण्याआधी चांगला दोन-तीन मिनिटं हलवायचा हेही आहेच, तळाला बसलेली पूड मिसळली नाही तरी पांढरं येतं.

माझे आजोबा आर्मर्ड कोअरमध्ये (लष्कराच्या रणगाडा दलात) होते. त्यांच्यासाठी १९७१ च्या बसंतरच्या लढाईतला पूना हॉर्सचा सेंच्युरियन रणगाडा करायचाय. किट कुठलं, रंग कुठला, आणि खरा सेंच्युरियन जवळून कुठे बघायला मिळेल?
इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, पुणे

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पूना हॉर्स म्हणजे १८१७ मध्ये आपल्या पुण्यात उभी राहिलेली घोडदळाची पलटण, पुढे घोडे गेले आणि रणगाडे आले. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, एकाच पलटणीतली दोन परमवीर चक्रं, आणि दोघंही सेंच्युरियनमध्ये लढले. खेत्रपाल यांचा जन्मही पुण्याचाच. १६ डिसेंबर १९७१ ला त्यांच्या रणगाड्याने पेट घेतला, बाहेर पडायचा आदेश आला, पण तोफ अजून चालतेय म्हणून ते थांबले आणि लढत राहिले. वय २१. त्या रणगाड्याचं नाव फामागुस्ता. हे मॉडेल तू करणार असशील तर सावकाश कर, घाई नको, पण हे तुझं पहिलं मॉडेल असेल तर आधी एखादा स्वस्त रणगाडा करून हात बसव, आजोबांचा दुसरा.

किट १/३५ मध्ये टामियाचा जुना सेंच्युरियन आहे, सोपा आहे, भाग कमी आहेत, आणि एएफव्ही क्लब कंपनीचे सेंच्युरियन आहेत, त्यात बारकावे भरपूर पण भागही भरपूर. मॉडेल क्रमांकाच्या जंजाळात शिरण्याआधी फोटो समोर ठेव आणि तोफेची नळी बघ. सेंच्युरियनवर आधी २० पाउंडर म्हणजे ८४ मिमी तोफ होती, नंतरच्यांवर १०५ मिमीची आली, आणि २० पाउंडरच्याही काही नळ्यांवर मध्ये धूर ओढून घेणारा फुगवटा असतो, काहींवर नसतो. फोटोतली नळी आणि खोक्यातली नळी जुळली की निम्मं काम झालं. बाजूची पत्र्याची आवरणं फोटोत आहेत का, मागे काय काय सामान बांधलंय, तारदोर (गाडी ओढायची पोलादी दोरी) कुठून कुठे गेलाय, हेही लिहून काढ.

बघायला अहिल्यानगरला जा, म्हणजे आपलं नगर. आर्मर्ड कोअर सेंटरने तिथे १९९४ मध्ये रणगाड्यांचं संग्रहालय सुरू केलं. रोल्स रॉइसची चिलखती मोटार, मटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन, आपला विजयंता, पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन, हे सगळं एका आवारात. पुण्याहून सकाळी निघालीस तर आरामात एका दिवसात होतं. आजोबांना जमत असेल तर त्यांनाच बरोबर ने, कुठला भाग कशासाठी ते त्यांच्याकडून ऐकायला मिळालं तर कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही एवढं मिळेल. फोटोंची परवानगी विचार, आणि मिळाली तर समोरून उभं राहून पूर्ण रणगाड्याचे फोटो काढून परत येऊ नकोस, ते सगळीकडे आहेत. चाकाचा मधला भाग, वेल्डिंगची रेष किती ओबडधोबड आहे, तारदोर तुझ्या अंगठ्यापेक्षा किती जाड आहे, बुरुजाच्या (तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाच्या) पोलादाचा खरखरीतपणा, चाकांवरून फिरणारा पट्टा वरच्या बाजूला किती सैल लोंबतोय, हे काढ. शेजारी हात ठेवून काढ म्हणजे माप कळतं.

फक्त एक, संग्रहालयातल्या रणगाड्याच्या रंगावर विश्वास ठेवू नकोस. उघड्यावरच्या गाड्यांना गंजू नये म्हणून पुन्हा पुन्हा रंग देतात, तो लढाईतला रंग नसतो. आकार तिथून घे, रंग त्या काळच्या फोटोंवरून आणि आजोबांच्या आठवणीवरून. खोल हिरवा घेतलास तरी त्यात थोडा पिवळसर मातकट रंग मिसळून एक छटा उजळ कर, कारण छोट्या वस्तूवर तोच रंग जास्त गडद दिसतो, आणि वरच्या सपाट भागांवर अजून थोडा उजळ, ऊन तिथेच पडतं.

आणि माती! बसंतरची लढाई झाली तो शकरगडचा भाग म्हणजे पंजाबची नदीकाठची गाळाची जमीन, फिकट, राखाडी-पिवळसर. आपल्याकडची काळी किंवा कोकणातली तांबडी माती लावलीस तर जाणकाराला लगेच खटकेल. राखाडी आणि फिकट तपकिरी पेस्टल खडू पेपरवर घासून पूड कर, आधी चाकांना आणि खालच्या बाजूला लाव, वर जाता जाता कमी कर. डिसेंबरचा महिना, धूळ जास्त आणि चिखल नदीच्या पात्राजवळ, त्याप्रमाणे ठरव.

रणगाड्याचे पट्टे कसे रंगवायचे? मी केशरी गंज दिला तर मित्र म्हणतो भंगारातला वाटतोय.
वर्कशॉपमध्ये नोकरी, सोलापूर

मित्र बरोबर बोलतोय. तुम्ही शेतात नांगराचा फाळ बघितला असेल, नांगरणी चालू असताना तो चांदीसारखा चमकतो आणि बाजूला पडला की आठवड्यात तांबूस होतो. चालत्या रणगाड्याचा पट्टा म्हणजे तो चालता फाळ. आधी सगळा पट्टा गडद तपकिरी-काळपट रंगवा, मग त्यावर मातीच्या रंगाचं पातळ पाणी सोडा ते खाचांत बसेल, वाळल्यावर जमिनीला टेकणारे उंचवटे आणि आतून चाकं जिथे घासतात ती रेघ, एवढ्यावरच बोटाने किंवा कोरड्या ब्रशने स्टीलचा रंग घासा. पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाला लावून घासली तर खऱ्या लोखंडाचीच झाक येते, मला तेच सगळ्यात आवडतं. हे टी-५५ सारख्या पूर्ण लोखंडी पट्ट्यांचं झालं, शर्मनच्या बऱ्याच पट्ट्यांना रबराचे ठोकळे असतात, तिथे चमक नको, तिथे मळकट गडद राखाडी. चाकांच्या रबरालाही शुद्ध काळा कधीच नको, गडद राखाडीच.

चाकं आणि पट्टे बॉडीला कायमचे चिकटवण्याआधी रंगवा, नंतर ब्रश आत जात नाही. टी-५५ करत असाल तर पहिल्या आणि दुसऱ्या चाकामध्ये मोठी जागा असते ती पुढच्या बाजूलाच आहे ना तेही तपासा, बॉडी उलटी धरून चाकं बसवताना ही चूक होते.

डिकल लावले की त्याच्याभोवती चंदेरी पापुद्रा दिसतो.
बँक कर्मचारी, ठाणे

मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खरखरीत असतो, डिकलखाली हवा अडकते, तीच चंदेरी दिसते. डिकलच्या आधी त्या जागेवर ग्लॉस वार्निश द्या, वाळू द्या, मग डिकल कोमट पाण्यात भिजवून सरकवा, कापसाच्या काडीने मधून बाहेर पाणी काढा, वर डिकल मऊ करणारं द्रावण लावा. ते लावल्यावर डिकल सुरकुततं आणि जीव घाबरतो, हात लावू नका, वाळताना आपोआप ताणून बसतं. सगळ्यात शेवटी मॅट. आधीच झालेल्यांना सुईने बारीक भोकं पाडून तेच द्रावण सोडा.

मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला हे फार आवडतंय. पण ब्लेड, थिनर, स्प्रे बघून मला भीती वाटते. आणि तो सारखा युद्धाचंच बोलतो ही पण काळजी आहे.
आई, नागपूर

भीती बरोबर आहे, त्यासाठी नियम आधीच ठरवा. दहाव्या वर्षी दाबून बसणारे किट आणि पाण्यातले रंग, बस. निपर त्याच्या हातात, ब्लेड तुमच्या हातात. ब्लेड बोथट झालं की बदला, बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि तेव्हाच ते निसटून बोटात जातं. स्प्रे आणि एनॅमलचं थिनर मोठ्यांनीच, गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीत, गॅसपासून लांब. कापडी मास्क रंगाच्या वाफेला अडवत नाही, रसायनाच्या वाफेसाठी फिल्टरवाला मास्क वेगळा मिळतो तो घ्या. गमचं झाकण वापर झाला की लगेच बंद, आणि काम करताना खाणंपिणं नाही.

दुसऱ्या काळजीबद्दल मला मनापासून सांगायचंय. मला स्वतःला या गाड्यांनी इतिहास शिकवला. आसल उत्तरला सप्टेंबर १९६५ मध्ये पॅटन रणगाड्यांसमोर अब्दुल हमीद एका जीपवरची तोफ घेऊन उभे होते, हे मी शाळेत वाचलं होतं, पण ती जीप जोडताना तिला ना छप्पर ना बाजूला पत्रा हे हाताला कळलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले. तो रणगाडा रंगवतोय तेव्हा शेजारी बसा, आत चार माणसं किती जागेत बसायची ते दोघांनी मोजून बघा. १/३५ मध्ये मोठा माणूस जेमतेम ५ सेंटिमीटरचा होतो, तो आत बसवायला गेलं की त्याचे प्रश्न बदलतील.

माझ्याकडे अर्धवट सोडलेला शर्मन आहे, सहा वर्षं झाली. एक हेडलाइट आणि मागचा एक डबा हरवलाय, बुरुजाच्या सांध्यात फट आहे. टाकून नवा घेऊ?
निवृत्त एसटी वाहक, कोल्हापूर

टाकू नका दादा, तो या महिन्यात पूर्ण होतोय. भाग निघाल्यावर उरलेली जी प्लॅस्टिकची फ्रेम असते तिचे तुकडे पातळ गमच्या जवळजवळ संपलेल्या बाटलीत टाका, रात्रभरात विरघळून मधासारखं होतं, ते बुरुजाच्या फटीत भरा. ते मुळात तेच प्लॅस्टिक असल्याने नंतर तडकत नाही. दोन दिवस वाळू द्या, मग पेपर मारा, शर्मनचा बुरुज ओतीव पोलादाचा असतो त्यामुळे जरा खरखर राहिली तरी शोभतेच. अँटेना तुटली असेल तर त्याच फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर धरा, मऊ झाला की ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्हीकडून ओढा, केसासारखी तार निघते.

हेडलाइटचं सोपं आहे, लढाईतल्या शर्मनचे हेडलाइट बऱ्याच वेळा काढून ठेवलेले असत, नुसतं खालचं भोक आणि वरची जाळी ठेवा. आणि डब्याच्या जागी ताडपत्रीची वळकटी. टिश्यू पेपरचा एकच पदर घ्या, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवा, गुंडाळा, ओलं असतानाच शर्मनच्या मागच्या बाजूला ठेवून तिथल्या उतारावर बोटाने बसवा, दोन ठिकाणी दोऱ्याने आवळा. उद्या सकाळी ते कडक होईल, मग खाकी रंगाचा पातळ हात. हरवलेला डबा तिथे कधी होता हे मलासुद्धा कळणार नाही. झाल्यावर फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापते.